चेंबरचं पॅकिंग

कोपरीतल्या आमच्या सोसायटीत तेव्हा चार स्कूटरी होत्या, एक मोटारसायकल होती आणि एक गाडी होती. ती गाडी आमची. हे ऐकून कुणी आम्हाला श्रीमंत समजू नये. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी, विलायती, गोल पाठीची, आणि बाबांच्या कारखान्यातल्या एका साहेबांकडे कित्येक वर्षं धूळ खात पडलेली होती. इंजिन जाम झालंय, हवी तर घेऊन जा, असं साहेब म्हणाले आणि बाबा खरंच घेऊन आले. ते टूलरूममध्ये फिटर होते. दोन वर्षांचे सगळे रविवार खर्चून त्यांनी ते इंजिन उघडलं, घासलं आणि पुन्हा बांधलं. जे पार्ट बाजारात मिळाले नाहीत ते स्वतः बनवले. आई त्या दोन वर्षांना ‘सवतीची वर्षं’ म्हणायची.

मी सांगतेय ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं. बाबा रिटायर झाले होते आणि त्यांचे हात थरथरायला लागले होते. आधी चहाचा कप बशीत वाजायचा, मग शर्टाची बटणं आई लावून द्यायला लागली. औषधं चालू होती, पण डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. एके दिवशी बाबांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “चालवायची तू. मी आता स्टेअरिंगला हात लावणार नाही.” मला गाडी चालवता येत होती, बाबांनीच शिकवली होती, आणि शिकवताना आम्ही दोघं इतके भांडलो होतो की कोपरीतले रिक्षावाले मला आवाजावरून ओळखायचे.

तरी एक गोष्ट त्यांनी स्वतःकडे ठेवली. रोज सकाळी आंघोळ झाली की खाली जायचे, बॉनेट उघडायचे, इंजिन चालू करायचे आणि शेजारी उभं राहून दहा मिनिटं नुसतं ऐकायचे. वर आले की चेहरा उजळलेला असायचा. दिवसभरात तेवढाच.

त्यातच गाडी ऑइल गळायला लागली. इंजिनच्या बुडाशी ऑइलचं एक पातेलं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाचं पॅकिंग असतं. ते वाळून कडक झालं होतं. आधी थेंब, मग थारोळं. आम्ही खाली पत्र्याचा डबा ठेवायचो, पण मुलं बॉल काढताना तो हमखास उलटवायची. एक दिवस तळमजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन त्या ऑइलवरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

सेक्रेटरी घरी आले. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. “काका, दसऱ्यापर्यंत गळती बंद करा. नाहीतर गाडी कंपाउंडच्या बाहेर काढावी लागेल. मीटिंगमध्ये ठरलंय, माझ्या एकट्याच्या हातात नाही.”

बाहेर म्हणजे कुठे? आमच्या गल्लीतून दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं. बाहेर म्हणजे भंगारात, हे सेक्रेटरींना कळत होतं आणि आम्हालाही. सकाळची ती दहा मिनिटं गेली तर बाबा नुसते खुर्चीत बसून राहतील, याची मला धास्ती वाटली. खोटं कशाला बोलू, त्या गाडीवर माझाही जीव होता, पण मला काळजी बाबांचीच होती.

खोपटच्या मेकॅनिकला आणायचं मी सुचवलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथेच सोडला. “तू करशील,” ते म्हणाले. “मी सांगतो.”

खोपटला एसटी डेपोच्या पुढे एका दुकानातून मी बुचाची शीट आणली. गाडी जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. ऑइल काढलं. मग जुना पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला फडकं बांधून, गोणपाटावर आडवी होऊन मी गाडीखाली शिरले. सोसायटीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. “अगं, लग्नाची मुलगी ना तू!” अशी एक हाक वरून आली. मी खालून जे उत्तर दिलं ते आईने ऐकलं नाही, हे बरंच झालं.

अठरा बोल्ट. चेंबर खाली उतरवलं, जुनं पॅकिंग खरवडून काढलं, रॉकेलने सगळं धुतलं. पत्र्याचा काठ बोल्टांपाशी वर उचलला गेला होता, तो बाबांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू ठोकून सपाट केला. मग चेंबर शीटवर पालथं ठेवून पेन्सिलने आखलं आणि आईच्या शिलाईच्या कात्रीने कापलं. कात्रीबद्दल आईचं आणि माझं चार दिवस वाजलं. बाबा स्टुलावर बसून सांगत होते. “बूच आहे ते, लोखंड नाही. मधल्या बोल्टापासून सुरू कर, समोरासमोरचे घे. आधी नुसते टेकव, मग थोडे थोडे आवळ. हाताला लागलं की थांब.”

“हाताला लागलं म्हणजे काय, बाबा? किती फेरे ते सांगा ना.”

“फेरे नाही सांगता येत. लागलं की कळतं.”

मी वैतागले, पण खरंच कळलं. एका क्षणी पाना मऊ फिरायचा थांबतो आणि बोट त्याला अडतं. ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गाडीखाली एकटीच हसले.

ती अष्टमी होती. ऑइल भरलं, इंजिन तापवलं, खाली कोरा पेपर पसरला. एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट एकदा हलक्या हाताने बघायचे होते, म्हणून गाडी ठोकळ्यांवरच ठेवली. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी बाबांची सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. बाबा देवाधर्मात ढिले, पण हे एक त्यांनी उभ्या आयुष्यात चुकवलं नव्हतं. नवमीला बंद नळ टपकत राहिला तरी चालेल, पाना उचलायचा नाही. म्हणून बोल्ट दसऱ्याला सकाळी बघू असं ठरवून मी ऑफिसला गेले. दुपारी आईही टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेली.

दसऱ्याला सकाळी कंपाउंडमध्ये सगळे स्कूटरी धूत होते, झेंडूचे हार ओवत होते. मी खाली गेले आणि पेपरवर वीतभर काळा डाग दिसला.

मी होते त्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. चेंबरच्या कडेने बूच दाबलं जाऊन बाहेर आलं होतं, आणि दोन ठिकाणी चिरलं होतं. मी इतकं आवळलं नव्हतं. नक्कीच नव्हतं. मग मला बोल्टांची डोकी दिसली. ऑइलने काळ्या झालेल्या डोक्यांवर कुंकू लागलेलं होतं. एकावर नाही, सगळ्यांवर.

जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढून मी वर आले. पाटावर पाने ओळीने होते, पण दहा नंबरच्या रिंग पान्यावरचं हळदकुंकू फरपटलेलं होतं आणि त्याला ग्रीस लागलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते. माझ्या तोंडात शब्द तयारच होते, की माझ्यावर एवढा अविश्वास होता तर मला झोपवलंत कशाला गाडीखाली?

“बाबा, काल पाना उचललात?”

त्यांनी मान डोलावली.

“तू चांगलं केलं असणार, ते माहीत होतं गं,” ते म्हणाले. “एकदा माझ्या हाताला लागतं का, ते बघायचं होतं. नाही लागलं. म्हणून थोडा आणखी फिरवला. तरी नाही. वाटलं, अजून थोडा... अठराही फिरवले. एकदाही नाही कळलं मला.”

हा थरथरता म्हातारा एकटा त्या गोणपाटावर कसा झोपला असेल, परत कसा उठला असेल, याचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं. मी ते त्यांच्यापुढे नको म्हणून खाली निघून आले.

खाली सेक्रेटरी गाडीजवळ उभे होते. स्कूटर धुणारे हात थांबले होते. मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या काकूही दारात आल्या होत्या.

“काय हो, झालं नाही ना काम?” सेक्रेटरी हळू म्हणाले. “आज दसरा.”

“माझी चूक झाली,” मी म्हणाले. “सवय नाही ना. मी जास्त आवळलं.”

“तिने नाही.”

बाबा मागे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभे होते. कठड्यावर त्यांचा हात टकटक वाजत होता आणि एरवी चारचौघांत तो खिशात लपवणाऱ्या बाबांनी या वेळी तो लपवला नाही.

“तिचं काम बरोबर होतं. एक थेंब गळत नव्हता. मी काल खाली शिरलो आणि मी बिघडवलं. मला आता अंदाज येत नाही.” पस्तीस वर्षं ज्याच्या मापावर अख्खं टूलरूम चालत होतं तो माणूस ओल्या लाद्यांवर उभा राहून, चार स्कूटरवाल्यांसमोर हे सांगत होता. “तिला अजून एक रविवार द्या. मी हात लावणार नाही.”

सेक्रेटरी काकूंकडे बघायला लागले. काकूंनी चांगला हात हलवला. “एका रविवाराने काय होतंय? करू दे की पोरीला.”

त्या रविवारी मी पुन्हा शीट कापली, पुन्हा गाडीखाली गेले. बाबा स्टुलावर होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, हे मला खालून चाकांच्या मधून दिसत होतं. मी पहिला बोल्ट आवळायला घेतला.

“लागलं का हाताला?” त्यांनी विचारलं.

“थांबा... हं. लागलं.”

“कसं लागलं?”

मी पाना तसाच धरून ठेवला आणि त्यांना सांगायला लागले. आधी कसा सैल फिरला, मग बूच कुठे दबायला लागलं, बोटाला कुठे अडलं, सगळं. ते ऐकत होते. अठरा बोल्टांना त्यांनी अठरा वेळा विचारलं, आणि अठराही वेळा मी त्यांना सांगितलं.