पोट चोळणारी भिकुबाई

धरणगावजवळच्या तिच्या गावात कुणाची नाभी सरकली की लोक भिकुबाईकडे येतात. तेल लावून पोट चोळायचं आणि नाभी जागेवर आणायची, हे ती सासूकडून शिकली. चोळताना कुणी ओरडलं तर त्यालाच दटावते.

मुलाचं, प्रेमराजचं, पोट नाभीभोवती दुखू लागलं तेव्हा तिनं त्याला ओसरीवर आडवं करून चोळलं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. उलटी झाली, अंग तापलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवणारा हा गडी हात लागताच कळवळला. गावच्या डॉक्टरांनी अपेंडिक्सचा संशय सांगून त्याला अमळनेरला सोनोग्राफीसाठी पाठवलं. भिकुबाई सोबत गेली, ती पोट कापू द्यायचं नाही हे ठरवूनच.

बाकावर सगळ्या गरोदर बाया. “कितवा महिना शे, भाऊ?” एकीनं विचारलं. प्रेमराजला हसणंही सोसवेना.

डॉ. दिपमाला यांनी पोटावर प्रोब फिरवला. आतड्यातला गॅस आड येत होता.

“अपेंडिक्स अजून दिसत नाही.”

“दिसनं नहीं ना? मंग चाल रे घर!” भिकुबाई उठलीच.

“बसा, अक्का. दिसलं नाही म्हणजे सुजलं नाही असं नसतं. प्रेमराजभाऊ, सगळ्यात जास्त कुठं दुखतं? एका बोटानं दाखवा.”

बोट उजवीकडेच, पण कमरेच्या बाजूला गेलं. त्याला डाव्या कुशीवर वळवून डॉक्टरांनी तिथं हळूहळू दाब दिला. पडद्यावर आतडी चपटी होऊन सरकली. त्यांच्यामागची जाड नळी मात्र तशीच राहिली.

“आखो दाबा, मी देखस.” डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. भिकुबाई पडद्याजवळ गेली. “बाकी बठ्ठं दबनं. हाई काबर नहीं दबत?”

“सुजलंय, म्हणून. हे चोळून बसणार नाही. ऑपरेशन आजच लागेल. फुटलं तर पू पोटभर पसरेल.”

“माय, सकाय करूत ना,” प्रेमराज म्हणाला.

“रातले घरमा फुटी गयं तं? ऊठ!”

सर्जनच्या दवाखान्यात त्यानं पाणी मागितलं. डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून तिनं दिलं नाही. तेवढ्यात दीर नथ्थू गावाहून पोचला. “वहिनी, कापाना पहिले एकदाव चोळी तं देख.”

“चोळनारी मीच शे ना, नथ्थूभाऊ? मंग मीच सांगस, हात लावानं नहीं.”

ऑपरेशनसाठी आत नेईपर्यंत ती खाटेला टेकून उभी राहिली.