भिंतीपर्यंत आलेली पावलं

परदेशातला आमचा पहिलाच हिवाळा. हिमवादळाचा इशारा आल्याबरोबर आम्ही पाव, पाणी, मेणबत्त्या सगळं भरून ठेवलं. सकाळी वारा निवल्यावर खिडकीतून पाहिलं, तर शेजारच्या मार्थाबाईंच्या दारापासून आमच्या भिंतीपर्यंत बर्फात पावलं उमटलेली. हीटरचा धूर बाहेर सोडणारा पाइप तिथे आहे. तो बर्फानं बुजला की विषारी धूर घरातच कोंडतो. इशाऱ्यात हे होतं, आम्हीच विसरलो होतो. पाइपाभोवतीचा बर्फ उपसून पावलं तशीच परत गेली होती, बेलसुद्धा न वाजवता.

माझ्याकडे राहायला आलेली आई खिडकीशी येऊन ती पावलं बघू लागली.

"आपल्या गौरी निदान घरात येतात, जेवून जातात," ती म्हणाली. "ही माउली बाहेरच्या बाहेरच गेली की गं!"

आणि तिनं पुरणासाठी डाळ शिजत टाकली.