सातवी पायरी

छापील किमतीचा मनापासून राग करणारा असा एकच माणूस मी उभ्या सुरतेत पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. लिंबायतमधल्या आमच्या दुमजली चाळीत तळमजल्यावर मी, मराठी शाळेतला मास्तर, आणि माझ्या बरोबर वर नाना आणि नानी. नाना धुळ्याकडचे. पांडेसऱ्याच्या एका रंगाई कारखान्यात दिवसभर कापडाच्या घड्या घालायचे आणि उरलेला वेळ जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत खाली आणण्यात घालवायचे. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे असेल, पण येणाऱ्याजाणाऱ्याशी तास-तास बोलायला त्यांना निमित्त लागायचं, आणि भाव करणं यासारखं निमित्त नाही. ‘भाव न करता वस्तू घेणं म्हणजे घरदार न बघता सोयरीक करणं,’ असं ते म्हणत. या नादापायी त्यांनी पुढं जे गमावलं ते मला सांगायचंच आहे. पण आधी गमतीचं सांगतो, कारण नानींना गमतीचंच आवडायचं.

आमच्या नाक्यावर एक झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या बाहेरच्या लाकडी फळ्यावर लोक विकायच्या वस्तूंच्या चिठ्ठ्या लावत. सायकल, टेबलफॅन, लोखंडी पलंग, खाली किंमत आणि घराचा पत्ता. नाना कामावरून येताना तो फळा वर्तमानपत्रासारखा वाचत. त्यांना एकच खटकायचं, की किंमत लिहून लोक मोकळे होतात, बोलायला जागाच ठेवत नाहीत. एका रविवारी त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फळ्यावरच्या झाडून सगळ्या चिठ्ठ्यांखाली स्वतःच्या अक्षरात ‘कमी-जास्त होईल’ असं लिहून टाकलं. संध्याकाळी मागच्या गल्लीतली एक बाई भांडायला आली. तिचा कुकर लोक निम्म्या किमतीत मागत होते. नानांनी तिला बसवलं, नानींनी चहा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गिऱ्हाईक आलं तेव्हा नाना तिच्या बाजूनं भाव करायला जातीनं हजर राहिले. कुकर थोडा कमीत गेला हे खरं, पण बोलता बोलता गिऱ्हाईक वायरमन निघाला आणि जाताना तिचा बंद पडलेला पंखा फुकट चालू करून गेला. पुढं लोक आपण होऊनच चिठ्ठीखाली ती ओळ लिहायला लागले. झेरॉक्सवाला वैतागला, कारण निम्मे सौदे त्याच्याच पायरीवर चालत.

स्वतः काही विकायचं असलं तर नानांना सणच वाटायचा. एकदा त्यांनी टेबलफॅनची चिठ्ठी लावली आणि कडोदऱ्याहून एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. नानांनी किंमत सांगितली, त्या पोरानं लगेच खिशात हात घातला. नानांचा चेहरा पडला. त्यांनी पंखा द्यायला साफ नकार दिला आणि त्याला आधी भाव करायला शिकवलं. मी म्हणेन त्याच्या निम्म्यानं माग, वस्तूत खोट काढ, बायकोकडं बघून मान हलव, सगळं. अर्धा तास झाला तरी पोरगं चुकतच होतं. शेवटी आतून नानी अहिराणीत म्हणाल्या, “देई टाका ना आते, पोरगी कव्हयनी उभी शे.” नानांनी तो पंखा, स्वतःच दिलेल्या शिकवणीपायी, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमीत दिला आणि रात्री जेवताना शिष्य हुशार निघाला म्हणून खूश होते.

या सगळ्याचा कळस म्हणजे जिना. नानांच्या मते उठून गेल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. घेणाऱ्यानं ‘राहू द्या मग’ म्हणून उठायचं, चालायला लागायचं आणि विकणाऱ्यानं मागून हाक मारायची. आमच्या लोखंडी जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. सातवीच्या आधी हाक मारली तर विकणारा अडलेला दिसतो, सातवी ओलांडू दिली तर घेणाऱ्याचा अपमान होतो, म्हणून नाना दारात उभे राहून पायऱ्या मोजत आणि बरोब्बर सातवीला “ओ भाऊ, या, या” म्हणत. घेणाऱ्यासाठी नियम एकच होता. काही झालं तरी मागं वळून बघायचं नाही. वळून बघितलं की भाव गेला. मला त्यांनी हे शिकवलं तेव्हा मी हसलो होतो, पण भाजीबाजारात करून बघितलं आणि चक्क जमलं. त्या दिवशी मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

मग शहरात प्लेगची साथ आली. दोन दिवसांत आमची गल्ली रिकामी झाली. ज्याला ट्रक मिळाला तो ट्रकनं, ज्याला काही मिळालं नाही तो पोरं कडेवर घेऊन हायवेच्या दिशेनं चालत निघाला. माझी बायको मुलांना घेऊन भुसावळला गेली. मी शाळेच्या किल्ल्या द्यायच्या म्हणून मागं राहिलो, आणि नाना राहिले, कारण नानींना ताप भरला होता आणि त्यांना उठवतसुद्धा नव्हतं. फळ्यावर त्या दिवसांत चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लागल्या होत्या. शिलाई मशीन, कपाट, पलंग, आणि कुठंही किंमत नव्हती. घ्यायला माणूसच नव्हता. नाना त्या फळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि पुढं गेले.

डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या होत्या आणि त्या औषधाच्या दुकानांतून नाहीशा झाल्या होत्या. दुपारी मी आणि नाना हिंडत हिंडत एका बंद दुकानाशी आलो. तिथं एक माणूस पिशवीत त्याच कॅप्सूल घेऊन उभा होता. त्यानं जो भाव सांगितला तो ऐकून मला राग आला. नानांच्या खिशात तेवढे पैसे होते, घरातले सगळे त्यांनी घेतले होते. पण आयुष्यभराची सवय. ते निम्मे म्हणाले. त्यानं मान हलवली. नाना म्हणाले, “राहू द्या मग,” आणि चालायला लागले. मीही त्यांच्याबरोबर चाललो. मला खरं सांगायला हवं, मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, या लुच्च्याला आता नाना दाखवतील. आम्ही सात पावलं गेलो, दहा गेलो. नाना वळले नाहीत आणि मीही वळलो नाही. हाक आली नाही. मग नाना थांबले. आम्ही मागं बघितलं तेव्हा तिथं एक मोटार उभी होती आणि तो माणूस रिकामी पिशवी झटकत होता.

नाना पळत गेले. त्याच्यासमोर त्यांनी खिशातलं सगळं काढून धरलं. तो म्हणाला, “काका, खल्लास.” तो वाईट बोलला नाही, उलट त्यालाही वाईट वाटलेलं दिसलं. कॅप्सूल आम्हाला दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मिळाल्या, आणि फुकट मिळाल्या. नानी तिसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टर नानांना म्हणाले की एक दिवस आधी औषध मिळालं असतं तरी फरक पडलाच असता असं नाही, आणि तो ताप साथीचाच होता हेही त्यांना सांगता येत नव्हतं. नानांनी ऐकून घेतलं. डॉक्टरांशी त्यांनी घासाघीस केली नाही.

दिवाळीपर्यंत गल्ली पुन्हा भरली. माझी माणसं परत आली, यंत्रमाग खडखडायला लागले, फळ्यावरच्या जुन्या चिठ्ठ्या फाडून लोकांनी नव्या लावल्या. त्यात एक नानांची होती, नानींच्या मशीनची. ‘शिलाई मशीन. चालू स्थितीत. एकच भाव.’ अक्षर तेच होतं. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला ते सहन होईना. आमच्या घरात शिवता कुणालाच येत नाही, तरी मी वर गेलो. वाटलं, भांडायला लावलं तर माणूस जरा जागा होईल. नानांनी किंमत सांगितली. मी निम्म्यानं मागितली, मशीनच्या चाकात खोट काढली, मान हलवली, त्यांनी शिकवलेलं सगळं केलं. ते म्हणाले, “एकच भाव शे, गुरुजी.” मी म्हणालो, राहू द्या मग, आणि उठलो.

मी जिना फार हळू उतरलो. पाचवी, सहावी. सातव्या पायरीवर मी नको इतका रेंगाळलो. हाक आली नाही. मी चौदावीपर्यंत आलो आणि खाली फरशीवर उभा राहिलो, आणि त्या दिवशी रस्त्यात नानांच्या पाठीला काय वाटलं असेल ते मला तिथं कळलं. मी वळून वर बघितलं. नाना कठड्याशी येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. “वळलात ते बरं केलं,” ते म्हणाले. “या वर.”

मी वर जाऊन त्यांनी सांगितली तेवढी किंमत दिली. नंतर वर्षभरात ते पुतण्याकडे गावी गेले आणि पत्र लिहायची त्यांना सवय नव्हती. मशीन अजून आमच्याकडे आहे, त्यावर मुलांची दप्तरं पडलेली असतात. बाजारात मी आजही भाव करतो, ती खोड त्यांनी लावलेली आहे, सुटत नाही. पण उठून दोन पावलं गेलो की मागं वळून बघतो. भाजीवाली हसते आणि पूर्ण पैसे मागते, आणि मी देतो.