सदतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

तुम्ही मला नांदेडच्या सभांत ऐकलं असेल. लातुरात क्लासच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटताना पाहिलं असेल. मी काय बोलायचं बाकी ठेवते? फी बोलते, वसतिगृहातलं पाणचट वरण बोलते, मुलींच्या खोल्यांना बाहेरून लागणाऱ्या कड्या बोलते, घसा बसेपर्यंत बोलते. एक गोष्ट मात्र गेली पाच वर्षं तुमच्यापासून लपवली. नुसती लपवली नाही — तिच्यावर उभं राहून भाषणं केली.

आमच्या पत्रकाचं पहिलं पान तुम्हाला पाठ असेल. सर चुकले होते, मी भर वर्गात उभी राहिले, मला पाया पडायला सांगितलं, मी म्हणाले डोकं नाही टेकवणार. या ओळींवर टाळ्या पडतात. उदगीरला एका मुलीनं ती शेवटची ओळ वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून आणली होती. सही मागत होती. मी केली सही. केलीच ना.

थांबा, सांगते. पण आधी सर सांगावे लागतील, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुण्या राक्षसाला घाबरले.

सर राक्षस नव्हते. भूकंप झाला तेव्हा ते किल्लारीच्या बाजूच्या एका गावात नवे मास्तर होते. गाव पडलं, शाळा पडली. पत्र्याच्या शेडात लोकांचं रडणं थांबलं नव्हतं, तेव्हा या माणसानं पोरं गोळा केली आणि पाढे सुरू केले. त्या पोरांत माझा बाप होता. त्याची आई त्या पहाटे गेली होती. सरांनी त्याला पाटी दिली, आपल्या डब्यातली भाकरी दिली, ढकलत ढकलत दहावीपर्यंत नेलं. बाप आज एसटीत कंडक्टर आहे, तो त्या पाटीमुळं. पुढं सर लातूरला आले, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास काढला, क्लासचे तीन मजले झाले. मला तिथं सोडायला आला तेव्हा बापानं सरांच्या पायावर डोकं ठेवलं ते लवकर उचललंच नाही. जाताना मला म्हणाला, "माय, सरांच्या शब्दाबाहेर जायचं न्हाई."

सर एकदा कोरिया-सिंगापूरकडच्या शाळा बघून आले, आणि येताना कन्फ्यूशियस घेऊन आले. सरस्वतीच्या शेजारी त्याचा फोटो लागला. लांब दाढी, छातीशी जुळवलेले हात. सर सांगायचे, अडीच हजार वर्षांपूर्वी या चिनी गुरूनं बापाचा मान आणि गुरूचा मान शिकवला, म्हणून तिकडची पोरं आज परीक्षेत जगाच्या पुढं आहेत. आपल्याकडंही हेच होतं, आपण विसरलो. मग नियम आले. रविवारी चाचणी, सोमवारी गुणांप्रमाणं बाकं बदलायची. पहिल्या बाकावरच्यानं सगळ्यांच्या वतीनं सरांच्या पाया पडायचं, मग तास सुरू. शंका आली तर चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. गुरूला चारचौघांत अडवायचं नाही.

माझ्या खोलीत एक मुलगी होती. तिला मी इथं रुखसार म्हणते. हे तिचं खरं नाव नाही. तिचं इतकं घेतलंय की नाव तरी तिच्यापाशी राहू दे. मुदखेडची. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आम्ही तिला चिडवायचो, घरात पन्नास घड्याळं आणि तू रोज उशिरा कशी? ती म्हणायची, "अगं, बंद पडली म्हणून तर आमच्या घरी आलीत ना!"

त्या रविवारी सदतिसावा प्रश्न उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा होता. खोलीवर येऊन मी तो वहीच्या मागच्या पानावर पुन्हा सोडवला. उत्तर पर्याय दोन. रुखसारनंही दोनच लिहिलं होतं, पण अंदाजानं. दोनच का, ते तिला समजावून सांगितलं मी. हे लक्षात ठेवा — मी.

सोमवारी सरांनी उत्तरं वाचली. सदतीस — पर्याय तीन. घर्षणाची दिशा उलटी धरली होती त्यांनी. साधी चूक, होते माणसाकडून. पण त्यानं कित्येकांची बाकं बदलणार होती. रुखसार उभी राहिली आणि म्हणाली की सर, सदतीसचं दोन येतंय. उर्मटपणे नाही. खात्रीनं. आणि ती खात्री तिला कुणी दिली होती?

सरांनी विचारलं, अजून कुणाचं दोन आलंय. दीडशे पोरं, एक हात नाही. रुखसारनं वळून माझ्याकडं बघितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. मला वाचवायला? की मी आपणहून उठेन असं धरूनच चालली होती ती? पाच वर्षं झाली, मी हे गणित सोडवतेच आहे.

मग सरांचीच नजर माझ्यावर आली. हसत, मायेनं म्हणाले, "तुझ्या बापाला पाढे शिकवलेत मी. तू सांग. तुझं काय आलं?"

प्रश्नपत्रिका समोर होती. दोनला केलेला गोल समोर होता. मी त्याच्यावर तळहात ठेवला.

"तीन, सर."

बस. एवढंच. दोन शब्द.

सरांनी रुखसारला पुढं बोलावलं. पाया पड आणि जागेवर बस, विषय संपला, म्हणाले. रुखसार गेली पुढं. म्हणाली, "चुकलं असेल तर माफी मागते, सर. पण डोकं नाही टेकवणार. ते मी अब्बांपुढंही टेकवत नाही." मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, त्याला काही जण हसले. ते काय होतं हे मी लिहिणार नाही. सरांनी वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितलं.

बुधवारी तिचे अब्बा आले. एका डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ, तसेच दुकानातून उठून आलेले. ऑफिसच्या दाराशी किती वेळ हात जोडून उभे होते. सरांची एकच अट — पाया पडायचं. लेकीवर जबरदस्ती करायला ते तयार नव्हते. दुपारी तिनं कपड्यांची पेटी भरली. निघताना दारात थांबून मला एवढंच विचारलं, "घर्षण वरच्या दिशेलाच ना गं? तूच सांगितलं होतंस."

मी चादरीची घडी घालत राहिले.

पुढच्या सोमवारी पहिल्या बाकावर कोण होतं? सगळ्यांच्या वतीनं पाया कोण पडलं? विचारू नका. मीच.

डॉक्टर मी झाले नाही, ते जाऊ द्या. नांदेडला कॉलेजात आले, विद्यार्थी संघटनेत आले. पहिल्याच बैठकीत क्लासचा अनुभव सांग म्हणाले. मी उठले. ‘माझ्या वर्गात एक मुलगी होती’ असं सुरू करायचं होतं — देवाशपथ बिवाशपथ म्हणत नाही, पण करायचं होतं. तोंडून निघालं, ‘मी उभी राहिले.’ टाळ्या वाजल्या. नंतर ते छापलं. आणि ऐका, छापताना तिच्या वाक्यातला अब्बा मी कापला. दर दिवाळीला घरात सगळ्यांच्या पाया पडणाऱ्या माझ्या तोंडी तो कसा बसणार? नीट विचार करून, लाल पेनानं कापला.

यंदा मी नवं पत्रक लिहायला घेतलं. भिंतीवरच्या त्या दाढीवाल्याला एकदाचं सोलायचं ठरवलं, म्हणून आधी त्याच्याविषयी वाचायला बसले. वाचलं आणि पेन खाली ठेवलं. बाप चुकत असेल तर लेकरानं अदबीनं त्याला ते सांगावं, असं तो म्हणतो. चांगलं करायची वेळ आली तर गुरूपुढंही मागं सरू नये, असं म्हणतो. सरांनी त्याला टांगला, वाचला नाही. मी त्याला शिव्या दिल्या, वाचला नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणं त्या वर्गात एकच जण वागलं, आणि तिला आम्ही मुदखेडच्या गाडीत बसवलं.

तरी एक पळवाट उरली होती माझ्याकडं. बाप. पत्र्याचं शेड, पाटी, भाकरी. त्या उपकारांच्या ओझ्याखाली सतरा वर्षांची पोरगी काय बोलणार? मागच्या आठवड्यात गावी जाऊन बापाला सगळं सांगितलं. खरं सांगू? भांडायलाच गेले होते. तो जेवत होता. हात थांबला. म्हणाला, "शब्दाबाहेर जाऊ नको म्हनलो होतो. खोटं बोल कधी म्हनलो?" मग ताट सारून म्हणाला, "त्या पोरीचं काय झालं?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःला तरी कुठं विचारला होता?

संघटनेतले म्हणतात, आता कशाला? क्लासवाले हेच मोठं करून वाटतील, चळवळ बसेल. वाटू देत. सर, तुमच्यापर्यंत हा कागद येईल, तुम्ही तो वर्गात वाचून दाखवाल, बघा कशी खोटारडी. दाखवा. खोटारडीच आहे मी. पण बाकं बदलणं चूक आहे, शंकेला पेटीत कोंडणं चूक आहे, आणि भाकरी दिली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या डोकी मागणं चूक आहे. मी खोटं बोलले म्हणून तुमच्या घर्षणाची दिशा सुलट होत नाही. उद्याही फाटकावर येणार आहे मी. पत्रक नवं असेल, पहिलं पान बदललेलं.

त्यावर लिहिलंय — उभी राहिली ती दुसरी. मी बसून होते. सदतीसचं उत्तर दोन होतं, आणि माझ्या कागदावरही दोनच होतं.