गवरीच्या आडून तणमोर

तणमोर हा दुर्मिळ माळपक्षी पाहायला मूर्तिजापूरकडच्या पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, चालले म्हटल्यावर राजापेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "काहून वं? ते तं मारून खातेत." आता तेच राखतात, म्हणून तर जाते, म्हटलं. पटलं नाही, पण डब्यात पोळ्या नि ठेचा भरून दिला.

सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूर गाठा. स्टँडबाहेर आलुबोंडा-तर्री खाऊनच काळीपिवळीत बसा, कारण ती भरल्याशिवाय हलत नाही. पुढची पायवाट श्रावणातल्या काळ्या मातीची आहे. तिथं महागड्या बुटांचा तोरा चालत नाही, मुकाट्यानं हातात घ्यायचे.

बेड्यावर गुलाबभाऊ भेटले. त्यांचा फासेपारध्यांचा गट गावाचा गवताळ माळ राखतो आणि पाहुण्यांच्या पैशांतून राखणदारांना पगार मिळतो. तणमोराची मादी जमिनीवरच अंडी घालते, म्हणून पावसाळाभर तिथं चराई नाही, फासे नाहीत. ज्या घराचा फासा सापडेल, त्या घराचं राखणीचं काम हंगामभर बंद.

पूर्वी हे लोक गाय पुढे घालून, तिच्या आडून फासे मांडायचे, कारण पाखरू गाईला भीत नाही. आता मुसकं बांधलेल्या गवरी नावाच्या गाईच्या आडून पाहुणे नेतात.

"ताई, गवरीच्या पोटासंग चाला. पुढं गेल्या तं तो उडाला समजा."

ऊन कलताना गवरी आपोआप थांबली. गवतातून काळ्या मानेचा एक पक्षी तव्यावरच्या लाहीसारखा उडाला, खाली गेला, पुन्हा उडाला. माझे डोळे भरून आले.

"मादी बी हाये औंदा," गुलाबभाऊ पुटपुटले.

परतताना ते एकदम वाकले. गवतात तितरासाठी मांडलेला फासा होता. गाठ चाचपून म्हणाले, "आमच्या धाकट्याची हाये." दोघे भाऊ एकाच घरात राहतात, म्हणजे काम यांचंच जाणार.

"भाऊ, मी कोणाले नाही सांगत," मी म्हटलं.

"तुमी नाई सांगान. पन अजून एखादा असन तं? मादी हिंडून राहिली ना तिथं."

त्यांनी फासा गवरीच्या शिंगात अडकवला आणि सगळ्यांदेखत बेड्यात शिरले. चहा ठेवणाऱ्या त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, शिंगाकडे पाहिलं. "कोनाचा?"

"आपलाच."

वहिनींनी चूल विझवली आणि त्याही निघाल्या. अंधाराआधी अख्खा बेडा माळावर ओळीनं फासे शोधत होता. सगळ्यांत पुढे, मान खाली घालून, धाकटा जागा दाखवत होता. शेवटची काळीपिवळी गाठायला मी निघाले तेव्हा त्याच्या हातात आणखी दोन फासे होते. शिकार सोडणं म्हणजे काय, हे मला त्या ओळीकडे पाहून कळलं.

"दिसला का मोर?" घरी परतल्यावर काकूंनी विचारलं. दिसला, म्हटलं, पण आधी सांगितलं ते शिंगातल्या फाशाचं. काकूंनी रिकामा डबा हातात घेतला. मग म्हणाल्या, "काम गेलं असन नं त्याचं?"

गेलं. परवा फोन केला तर गुलाबभाऊ माळावरच होते. मी विचारलं, आता कशाला जाता?

"गवरीले काय समजते पगार बंद झाला ते? थे निंगते रोज. मंग मले बी या लागते."