हंसाची गौर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. ऐका, झालं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावात आमचं एक मुलांचं मासिक होतं. आलेल्या गोष्टी आधी मी वाचायची, मग त्या संपादक अण्णांकडे जायच्या. मी स्वतःही लिहायची. गिरणी कामगारांच्या मुलांवरचं माझं पुस्तक नुकतंच आलं होतं. त्यासाठी मी डिलाईल रोडला चार दुपारी वही घेऊन गेले होते – चारच! – आणि पाचव्या दिवसापासून मला त्या चाळींतलं सगळं कळतं, असं मी मानत होते.

मग हंसाच्या गोष्टी आल्या. हंसा गुजराती. बापाचं डिलाईल रोडच्या चाळीखाली वाण्याचं दुकान, जन्म वरच्याच खोलीत, शाळा म्युनिसिपालिटीची मराठी. गोष्टी वाचल्या आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिची मुलं भांडत होती, खोटं बोलत होती, नळावर एकमेकांच्या कळश्या ढकलत होती. माझी मुलं नुसती गुणी होती. माझी भाषा, माझी माणसं, आणि लिहावं हिनं? जळले मी. दुसरा शब्द नाही.

चूक शोधायचीच म्हणून वाचत होते, आणि सापडली. एका गोष्टीत गौरीपुढे मटण-वड्यांचा नैवेद्य होता! माझ्या पुस्तकात अख्खी चाळ पुरणपोळ्या खात होती, आमच्या घरी खातात तशी. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तिला बोलावून घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, शेजारी दरवर्षी असायचं. वास आला की माझी बा, म्हणजे आई, खिडकी लावून घ्यायची, आणि मी जाऊन त्यांच्या दारात उभी राहायची."

पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं. तरी आमच्याकडे भांडी घासायला परळहून सावित्रीबाई यायच्या, मूळच्या मालवणकडच्या, त्यांना विचारलं. त्या हसल्याच. "माहेराक इलेल्या चेडवाक काय गोडावरच धाडूचा?"

माहेरी आलेल्या लेकीला नुसत्या गोडावर कसं धाडायचं! म्हणजे हंसाचं बरोबर होतं. हे मला कळलं मंगळवारी. आणि बुधवारी – इथे थांबावंसं वाटतं, पण नाही थांबत – बुधवारी मी अण्णांना चिठ्ठी लिहिली. लेखिका गुजराती आहे, बाहेरची आहे. तिला आपले सण ठाऊक नाहीत, गौरीला मटण दाखवते. या दिवसांत असलं छापलं तर लोक काय म्हणतील?

बाहेरची! चार दुपारी जाऊन आलेली मी तिला बाहेरची म्हणाले. अण्णांचा माझ्यावर विश्वास. गोष्टी साभार परत गेल्या. चळवळीला मी मनापासून मानत होते, पण त्या चिठ्ठीत चळवळ नव्हती. हेवा होता.

एवढ्यावर भागलं असतं तर? नाही भागलं. महाराष्ट्र झाला, माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तीत मी पुरणपोळ्या काढून मटण-वडे घातले. खिडकी लावून घेणारी शेजारीण घातली. दारात उभी राहिलेली तिची मुलगीसुद्धा. लोकांनी नेमकं तेच पान वाखाणलं. बाईंनी कामगारांचं घर आतून पाहिलंय, म्हणाले. मी मान लववून ऐकून घेतलं.

त्या वर्षी दादरच्या एका शाळेत मला बोलावलं होतं. कार्यक्रम संपल्यावर हंसा समोर आली, हाताशी तिची सात-आठ वर्षांची मुलगी. माझं पुस्तक हंसानं विकत घेतलं होतं. तेच पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि मुलीला म्हणाली, "बघ, ह्या बाईंनी लिहिलंय." माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथेच सही करा, ताई."

मी पेन उघडलं आणि त्या पानावर माझं पूर्ण नाव लिहिलं.