कुत्र्याला चॉकलेट देऊ नका!

बालाघाटच्या एका दैनिकात तीस वर्षं काढली. पेपर हिंदी, आमची भांडणं मराठीत. छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. जे छापता येत नाही, ते डोक्यात साठत राहतं. कुत्रे आणि चॉकलेट, एवढ्या एका विषयाचंच पाहा.

*

दिवाळीत ऑफिसात डार्क चॉकलेटचा डबा आला. दुपारी ऑफिसातला कुत्रा मोती उलट्या करत थरथरू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?"

"काहीच नाही!" सगळे म्हणाले.

"चॉकलेट?"

"एकच देल्लं जी म्या," फोटोग्राफर मेश्राम म्हणाला.

"मीपण एकच," संपादक म्हणाले.

ऑफिसात आम्ही नऊ जण. मला धरून! मोती दोन दिवस सलाइनवर होता. वाचला.

*

मी तडक बातमी लिहिली. चार ओळी छापल्या. शेजारी पाव पान बेकरीची जाहिरात: चॉकलेट केक, आणि तो चाटणारं पिल्लू!

मी केबिनमध्ये जाऊन भांडलो.

"जाहिरात केकची आहे, कुत्र्याची नाही," संपादक म्हणाले.

*

राजेगावहून एका वाचकाचा फोन आला. "साहेब, पाच रुपयेवालं चॉकलेट बी मारते का जी?"

म्हटलं, "कोको जितका जास्त, तितका धोका जास्त. महागडं जास्त वाईट. पण स्वस्तही देऊ नका."

"मंग गरिबाचा कुत्रा जास्त जगन! चला, कुठी तरी आमचा नंबर लागला."

*

भरवेलीच्या खाणीतले एक मुकादम रस्त्यात थांबवून म्हणाले, "तुमची बातमी वाचली. कुत्र्याले चॉकलेट एकदम बंद! आता फक्त चॉकलेटवालं दूध देऊन राह्यलो."

*

मग एका पुढाऱ्याच्या लॅब्राडोरचा, टायगरचा वाढदिवस. मंडप, डीजे, तीन मजली चॉकलेट केक. कव्हरेजला मी आणि मेश्राम.

मी पुढाऱ्याच्या कानात सांगितलं, "भैयाजी, हा केक याला देऊ नका. मरेल."

"शुभ दिन पे अपशकुन काहून करता, पत्रकार साहेब? घरचं लेकरू आहे ते!"

टाळ्या सुरू झाल्या. तळहाताएवढा तुकडा टायगरच्या जबड्याकडे निघाला. वाद घालायला वेळ नव्हता. मी मध्ये गुडघे टेकले आणि तो तुकडा अख्खा तोंडात घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तीन कॉलम फोटो. भैयाजींचा हात, केक, माझं उघडं तोंड. टायगर फ्रेमबाहेर.

खाली ओळ: "अपने लाडले टाइगर को केक खिलाते भैयाजी."